परीक्षकाची मान

हाल्वारची मान एकदा आपल्या दोन्ही हातांत यावी, एवढ्यासाठी एल्द्रिड त्या अभ्यासक्रमाला परत आली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला म्हणाली होती की, अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायचंय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

अभ्यासक्रम मॅन्युअल थेरपीचा होता. फिजिओथेरपिस्ट होऊन काही वर्षं रुग्ण पाहिल्यावर मग कुणी त्याच्या वाटेला जायचं. मणक्यामणक्यांमधले सांधे बोटांनी चाचपायचे, कुठला अडलाय ते ओळखायचं, आणि गरज असेल तरच एका छोट्या, नेमक्या झटक्याने तो मोकळा करायचा. पुस्तक वाचून हे येत नाही. म्हणून विद्यार्थी दोन वर्षं एकमेकांच्याच अंगावर शिकतात. वर्गात कुणाची कंबर ताठ, कुणाची बरगडी चिडकी, हे सगळ्यांना पाठ असतं. बूट दाराशी काढून ठेवायची पद्धत असल्यामुळे मोज्याला भोक कुणाच्या, हेही.

अशा वर्गात एक नियम कायद्यासारखा पाळतात. टेबलावर झोपलेल्याने हात वर केला की उपचार करणाऱ्याचे दोन्ही हात कातडीवरून उठले पाहिजेत. का आणि कशासाठी, ते नंतर विचारायचं.

आठ वर्षांपूर्वी, वर्गाला शिकवणाऱ्या हाल्वारने प्रात्यक्षिकासाठी एल्द्रिडला टेबलावर बोलावलं होतं. सगळा वर्ग भोवती उभा होता. तिची मान वळवून त्याने शेवटापर्यंत नेली, तेव्हा तिला छत तिरकं सरकताना दिसलं. तिने हात वर केला. हाल्वार वर्गाकडे बघून बोलत होता. बोलता बोलता त्याने झटका दिला आणि म्हणाला, "बघा, किती हलकं काम असतं हे."

संध्याकाळी ती इस्पितळात होती. मेंदूकडे जाणारी मानेतली एक धमनी आतून चिरली होती. तिचा जीव वाचला, पाय चालू लागले, बोलणं परत आलं. उजव्या अंगाला मात्र गरम-थंड कळेनासं झालं ते कायमचंच. स्पर्श कळायचा, दाब कळायचा, सांध्याची सूतभर हालचालसुद्धा कळायची. पण उजव्या हाताला चुलीवरचं भांडं आणि खाडीचं पाणी सारखंच.

चौकशी झाली. हाल्वारने सांगितलं, तिने हात वर केला नव्हता. केला असता तर तो थांबलाच असता. दचकून हलला असेल; ही पोरगी घाबरते, ऐन वेळी हिला भलतंसलतं दिसायला लागतं. वर्गातल्या इतरांनी सांगितलं, आम्ही हाल्वारच्या हातांकडे बघत होतो. तेही खरं होतं, तिथेच बघायचं असतं. शेवटी चौकशी समितीने म्हटलं की, अशी धमनी कधी कधी आपोआपही चिरते. बर्फ उपसताना, शिंकताना, नुसतं मागे वळून बघतानासुद्धा. एल्द्रिडला सगळ्यात झोंबलं ते हेच. कारण ते वाक्य शास्त्राला धरून होतं. खरं वाक्य त्यांनी खोट्याच्या गाड्याला जुंपलं होतं.

ती परत आली तेव्हा हाल्वारने तिला दारातच मिठी मारली. नव्या वर्गापुढे तो तिची ओळख मोठ्या कौतुकाने करून द्यायचा. "ही एल्द्रिड. हिला मध्यंतरी आजारपण आलं होतं. पण बघा, डोंगरातली माणसं अशी असतात. परत आलीच." एल्द्रिड मान डोलवायची. तिच्या गावी म्हण होती की, मेंढी जखम विसरते आणि बोकड कुंपण विसरत नाही. ती दोन वर्षं कुंपणाकडे बघत राहिली.

कारण त्या शाळेची अशी एक रीत होती, जी दुसरीकडे कुठे नव्हती. शेवटच्या परीक्षेत टेबलावर रुग्ण झोपत नसे, विद्यार्थीही नाही. तिथे झोपत असे खुद्द शिकवणारा. बाहेरून आलेला परीक्षक पायथ्याशी उभा राहून बघायचा. हात कुठे ठेवलाय ते उभ्या माणसाला दिसतं. तो बरोबर थांबला की नाही, ते फक्त आडव्या माणसाला कळतं, असं त्यामागचं कारण. आणि आडव्या माणसाने तिथे नाटक करायचं नसे. परीक्षार्थीने विचारलेल्या प्रश्नांना आपल्या स्वतःच्या देहाबद्दलचीच खरी उत्तरं द्यायची.

हाल्वार अशा परीक्षांत वीस-बावीस वर्षं टेबलावर झोपला होता. त्याने एकदाही हात वर केला नव्हता, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

तेव्हा एल्द्रिडचा बेत साधा होता. परक्या परीक्षकासमोर त्याला टेबलावर आडवं करायचं, त्याची मान हातात घ्यायची आणि प्रश्न विचारायचा. तो खोटं बोलला तर बोटांना कळेलच. पुढे काय, ते तिने ठरवलं नव्हतं. ठरवायची भीती वाटत होती म्हणून ठरवलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती गाउतेबरोबर जेवायला बसली. गाउते तिचा सरावाचा जोडीदार. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला, मान ओंडक्यासारखी. दोघांनी आपापले पावाचे डबे उघडले.

"तुझ्या पावावर परत तेच तपकिरी चीज?" गाउते म्हणाला. "तुम्ही डोंगरातली माणसं मेलात तरी तोंडात तेच ठेवतील."

"आणि तुझ्या पावात सुकट. गुपचूप गीळ."

"ती डेन्मार्कची परीक्षक बाई पाहिलीस? बिर्ते. सकाळी मला प्रश्न विचारला, मला वाटलं तोंडात गरम बटाटा धरून शिंकतेय. मी तिन्ही वेळा 'हो' म्हणालो."

"काय विचारत होती?"

"बहुतेक, नापास करू का म्हणून."

एल्द्रिडला हसू आलं. एवढ्यात हाल्वार कॉफी घ्यायला आत आला. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. तो वळला, पण मान वळवून नाही, अख्खं अंग फिरवून, पावलं टाकत, दरवाजा उघडावा तसा. मग कॉफीच्या टेबलाच्या कडेला त्याने क्षणभर हात टेकला.

"पाहिलंस?" एल्द्रिड हळूच म्हणाली.

"काय?"

"कसा वळला ते."

"साठी आली त्याची. माझा बापही असाच वळतो. त्यात बोटीवर." गाउतेने डबा बंद केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "एल्द्रिड, तू आज त्याच्या मानेला हात लावणारेस. तुझ्या डोक्यात काय चाललंय, मला सांगू नकोस. पण जे काय असेल, ते पास झाल्यावर कर."

"पास झाल्यावर मान मिळत नाही," ती म्हणाली.

परीक्षेच्या खोलीत एकच टेबल होतं. बिर्ते पायथ्याशी उभी, उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. हाल्वार टेबलाच्या काठावर मोज्यांत पाय हलवत बसला होता.

"ये, ये," तो म्हणाला. "बिर्ते, हीच ती. माझी सगळ्यात चिवट विद्यार्थिनी."

"मला विद्यार्थिनीबद्दल काही सांगू नकोस," बिर्ते म्हणाली. "आत्ता तू रुग्ण आहेस. रुग्ण कौतुक करत नाहीत, कुरकुरतात."

एल्द्रिड स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. आधी प्रश्नांची पायरी होती. मान कधीपासून ताठ आहे? कुठल्या बाजूला वळताना? हात बधिर होतो का? हाल्वार सराईतपणे उत्तरं देत गेला.

"चक्कर येते?"

"नाही."

"अलीकडे नवीन डोकेदुखी? मानेच्या मागे, एका बाजूला?"

"नाही."

"मघाशी कॉफी घेताना टेबल धरावं लागलं."

"फरशी पुसली होती," हाल्वार हसून म्हणाला. बिर्तेने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"या उपचाराची भीती वाटते का? मानेला झटका देताना कुणाला इजा झालेली कधी पाहिलीय?"

हा प्रश्न विचारायचाच असतो. रुग्णाच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून. हाल्वारचे हलणारे पाय थांबले. तो एल्द्रिडच्या डोळ्यांत बघत शांतपणे म्हणाला, "नाही. कधीच नाही."

एल्द्रिडला वाटलं होतं, हे ऐकून आपलं रक्त उसळेल. तसं झालं नाही. उलट आतून सगळं गार आणि स्वच्छ झालं, गोठलेल्या तळ्यासारखं. "झोप," ती म्हणाली.

तो उताणा झोपला. ती त्याच्या डोक्यामागे बसली आणि त्याचं डोकं तिने दोन्ही तळव्यांत घेतलं. माणसाचं डोकं जड असतं. सैल सोडलेलं तर फारच. हाल्वारचं डोकं सैल नव्हतं. कवटीच्या खालचे छोटे स्नायू तारेसारखे ओढलेले होते. शिकवणारा माणूस, हजारोंना 'सोड, सोड' म्हणणारा, स्वतः मान सोडत नव्हता. भीती आधी तिथेच जमते.

"आता मान डावीकडे वळवते. झटका देणार नाहीये. नुसती धरून ठेवणार. डोळे उघडे ठेव आणि बोलत राहा. तुझ्या डोंगरातल्या घराबद्दल सांग."

"काय सांगू... छप्पर नवीन टाकलं यंदा. गवताचंच. माझा मेहुणा आणि मी, दोघांनीच..."

ती वळवत गेली. शेवटाशी आली आणि थांबली. त्याचे डोळे तिच्या नाकाच्या शेंड्यावर होते. थोडा वेळ काही झालं नाही. मग बुबुळं एका बाजूला सरकली आणि झटक्याने परत आली. परत सरकली, परत आली.

"मेहुणा... तो... खिळे..." हाल्वारची जीभ जडावली. त्याने ओठ चाटले, ओठ आपले आहेत की नाही ते बघावं तसे.

तिने मान ताबडतोब मध्यावर आणली. काय झालं ते दोघांनाही कळलं होतं. जे तिच्या धमनीला झालं होतं, तसलंच काहीतरी त्याच्या धमनीत शिजत होतं. आणि त्याला ते आजच कळलेलं नव्हतं. चक्कर येत होती, तो लपवत होता. सांगितलं असतं तर टेबलावर झोपता आलं नसतं, आणि टेबलावर झोपता येत नाही म्हटलं की मग शिकवायचं कशाला ठेवतील, हेही विचारलं गेलं असतं.

बिर्ते पायथ्याशी होती. तिथून त्याचे डोळे दिसत नव्हते.

"दे झटका," हाल्वार ओठ न हलवता पुटपुटला. "उजवीकडून दे, हलका. मी सांगेन उत्तम होता म्हणून. तू पास. चल."

एल्द्रिडचे हात जागेवर होते. हनुवटी तिच्या बोटांत, कवटीचा काठ तिच्या तळव्यावर. आता फक्त थोडंसं वळण आणि मनगटाची एक उचकी. त्याने स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली होती. प्रश्न विचारले होते, उत्तरं परक्या बाईने ऐकली होती. पुढे चौकशी झालीच असती तर एल्द्रिड सांगू शकली असती की, त्याने हात वर केला नव्हता. आणि ते खरं असतं. आठ वर्षांत तिने पुष्कळ कल्पना केल्या होत्या, पण इतकी बिनचूक संधी तिच्या कल्पनेतही आली नव्हती.

तिची बोटं किंचित घट्ट झाली. हाल्वारला ते जाणवलं. त्याने श्वास रोखला.

तिला त्याची दया आली नाही. विचार आला तो वेगळाच. हा पांगळा झाला तर गावभर लोक वाफल भाजून, विकून याच्यासाठी वर्गणी जमवतील. गवताच्या छपराखाली पांघरूण घेऊन बसेल आणि माणसं पाया पडल्यासारखी भेटायला येतील. आणि जीभ गेली, तर कबुलीचं ते एक वाक्य तिने कुणाकडून काढून घ्यायचं?

तिने दोन्ही हात उचलले आणि उभी राहिली.

"मी थांबतेय," ती बिर्तेला म्हणाली. "मान डावीकडे धरून ठेवल्यावर बुबुळं उडायला लागली. बोलणं जड झालं, ओठ बधिर. प्रश्नांच्या वेळी त्याने चक्कर नाकारली. याला झटका देता येणार नाही. याला आत्ता डॉक्टरकडे न्यायला हवं."

हाल्वार काठ धरून उठून बसला. चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता, तरी तो हसला. "बिर्ते, तुला आधीच सांगायला हवं होतं. ही पोरगी घाबरते. पूर्वीही असंच झालं होतं. हात चांगले आहेत हिचे, पण ऐन वेळी हिला भलतंसलतं दिसायला लागतं."

हेच तो चौकशीत म्हणाला होता. शब्दही तेच. एल्द्रिडला वाटलं, हा ते इतके वापरतो, तरी झिजत कसे नाहीत.

"ठीक आहे," बिर्ते म्हणाली. आता तिचं बोलणं अगदी स्वच्छ होतं, बटाटा-बिटाटा काही नाही. "झोप परत. मी बघते. डावीकडे वळवते, डोळे बघते, दोन मिनिटांत कळेल. तिला दिसलं ते भलतं असेल तर ती नापास."

ती डोक्याकडे आली. तिने हात पुढे केले.

हाल्वार झोपला नाही. बिर्तेचे हात त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर होते, तेव्हा त्याचा उजवा हात वर गेला. तो त्याने केला असं म्हणवत नाही, गेलाच तो. खांद्यापासून सरळ, पंजा उघडा.

बिर्ते जागच्या जागी थांबली.

हाल्वारने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी तिथे आलाय.

"हात वर आहे," एल्द्रिड म्हणाली. "दिसतोय ना सगळ्यांना? नंतर कुणी म्हणायला नको की, दचकून हलला असेल."

बिर्तेने गाडी काढली. इस्पितळ जवळच होतं, आणि रुग्णवाहिका बोगद्याच्या पलीकडे अडकली होती. हाल्वारला पुढच्या आसनावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून. एल्द्रिड मागे बसली. गाडीत बसण्याआधी बिर्ते तिला म्हणाली, "तुझा झटका राहिलाय. तो दिल्याशिवाय मला तुला पास करता येणार नाही. ऑगस्टमध्ये परत ये."

"येईन," एल्द्रिड म्हणाली.

खाडीच्या वळणावर गाडी कलली, तेव्हा हाल्वारने खिडकीच्या वरची मूठ घट्ट धरली. मग समोर बघतच तो म्हणाला, "तुझा हात वर होता."

"काय?"

"त्या दिवशी."

"असं नको. पूर्ण वाक्यात सांग. कुठला दिवस, कुणाचा हात आणि तुला तो दिसला होता का."

"एल्द्रिड..."

"जीभ चालतेय तोवर सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, पण नावानिशी सांगितलं. त्याला तिचा हात दिसला होता. वर्गापुढे वाक्य अर्धवट राहिलं असतं, म्हणून त्याने तो झटका दिला होता. गाडीतल्या आरशात बिर्तेचे डोळे क्षणभर मागे आले आणि परत रस्त्यावर गेले.

"हे तू सगळ्यांना सांगशील?" त्याने विचारलं.

"मी कशाला सांगू? तू सांगशील. बिर्तेने ऐकलंय."

"माझा परवाना जाईल."

"हो," ती म्हणाली. "जाईल."

इस्पितळात त्याला लगेच आत घेतलं. नर्सने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं एल्द्रिडनेच दिली, कारण लक्षणं केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकली आणि मान कुठल्या बाजूला होती, हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. बिर्ते त्याच्या बायकोला फोन करायला बाहेर गेली. हाल्वार खाटेवर उताणा होता, दोन्ही बाजूंनी उशा लावून मान पक्की केलेली. त्याला छताशिवाय फारसं काही दिसत नव्हतं.

"आता मिटलं का तुझं?" त्याने विचारलं.

एल्द्रिडने खरंच विचार केला. आत कुठेतरी ओझं उतरल्यासारखं व्हायला हवं होतं, असं लोक सांगतात. तिला तसं काही सापडलं नाही. सापडली ती भूक. दुपारचा पाव तिने अर्धाच खाल्ला होता.

"नाही," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "तोंड कोरडं पडलंय. जरा पाणी दे."

"पाणी नाही मिळणार. नीट गिळता येतंय का, ते डॉक्टरने तपासेपर्यंत थेंबभरही नाही. घसा लुळा पडला असेल तर पाणी फुप्फुसात जातं."

"एल्द्रिड, एक घोट."

"मलाही दिलं नव्हतं," ती म्हणाली. "रात्रभर."

त्याने नर्सकडे डोळे फिरवले. नर्स सलाईनची नळी लावत होती. वर न बघता ती म्हणाली, "बरोबर सांगतेय ती."

एल्द्रिड उठली. कोपऱ्यातल्या नळावरून तिने एक पेला भरून घेतला, खुर्ची ओढून त्याला छताऐवजी आपण दिसू अशा जागी आणली आणि बसली. आणि तो बघत असताना, अजिबात घाई न करता, पाणी पिऊ लागली.